गोष्ट लिहायला शिकता येते का?

पालकसभेला येणाऱ्या आया मुलांच्या गुणांची चौकशी झाली की अलीकडे हळू आवाजात आणखी एक प्रश्न विचारतात. "कथा लिहायला शिकवणारे वर्ग असतात म्हणे. त्यांचा खरंच काही उपयोग होतो का?" कुणी दहावीनंतर लग्न झालेली, कुणी डी.एड. करून घरी बसलेली. त्यांच्याकडे एक वही असते आणि ती कपाटात कपड्यांच्या घडीखाली असते. आजचे हे चार शब्द त्या वहीसाठी.

शायरीला उस्ताद लागतो, हे आपल्याकडे कुणी नाकारत नाही. गालिबचे शागिर्द टपालाने आपल्या गझला पाठवत आणि ते इस्लाह करून परत पाठवत. कथेला मात्र वजन नाही, काफिया नाही. म्हणून लोकांना वाटतं, ती उपजतच यावी लागते. आम्हाला हे पटत नाही. बिर्याणीचा दमसुद्धा कुणी जन्मतः शिकून येत नाही. कुणाच्या तरी शेजारी उभं राहूनच तो शिकावा लागतो.

उर्दूतल्या पहिल्या कादंबऱ्यांपैकी एकीची हकीकत पाहा. डेप्युटी नजीर अहमद महसूल खात्यात नोकरीला होते. मुलींना वाचायला काही चांगलं हवं, म्हणून त्यांनी 'मिरात-उल-उरूस' लिहायला घेतली. थोडं लिहायचं आणि मुलींना द्यायचं. ते वाचून संपलं की मुली पुढचं मागायच्या. १८६९ साली ती पुस्तकरूपात आली. समोर बसलेला वाचक कुठे रंगतो नि कुठे कंटाळतो, हे घरातच कळत गेलं, तर कार्यशाळा आणखी वेगळी काय असते?

पुढे लाहोरात १९३९ साली काही मंडळींनी 'बज्म-ए-दास्तानगोयाँ' ही बैठक सुरू केली. तिचंच पुढे 'हलका-ए-अरबाब-ए-जौक' झालं. लेखकाने वाचायचं आणि जमलेल्यांनी त्यावर बोलायचं, ही तिथली रीत. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात लेखकांची कार्यशाळा १९३६ साली सुरू झाली. अशा कार्यशाळांत लिखाण आधीच सगळ्यांना वाचायला देतात आणि चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसून ऐकायचं असतं. हे गप्प बसणं फार उपयोगी. छापील पानाशेजारी उभं राहून "मला असं म्हणायचं होतं" हे सांगायला लेखक कधीच नसतो.

वर्गात शिकण्यासारख्या गोष्टी तीन. पहिली नजर. एखादी रुखसती तीन जणांच्या नजरेतून लिहून पाहा. आईला लेकीची रिकामी गादी दिसेल. धाकट्या भावाला वाटेल, आता खिडकीजवळची जागा आपली. भांडी घासायला आलेली बाई किती देगी उरल्या ते मोजत असेल. प्रसंग एकच, पण कथा तीन.

दुसरी गोष्ट दाखवण्याची. "सकीनाला फार वाईट वाटलं" हे वाक्य वाचून कुणाला काही होत नाही. "सकीनाने ईदच्या बांगड्या कागदातून सोडवल्याच नाहीत, तशाच कपाटावर ठेवून दिल्या" असं लिहिलं की वाईट वाटण्याचं काम वाचक स्वतःच करतो.

तिसरी गोष्ट पुन्हा लिहिण्याची. आपण मुलांचे निबंध एकदाच तपासतो, म्हणून लिखाण एका बैठकीत होतं असा समज पडतो. कथा दोनदा, चारदा लिहावी लागते. पुष्कळदा पहिलं पान काढून टाकलं की दुसऱ्या पानावर खरी सुरुवात सापडते.

आता सांभाळण्याची गोष्ट. वर्गात कुणी म्हणेल, 'खाला' काढा, 'मावशी' घाला, वाचकाला कळणार नाही. अशा वेळी एक फरक ध्यानात ठेवा. कोण कुणाशी बोलतंय हेच ऐकणाऱ्याला समजत नसेल, तर चूक आपली, ती दुरुस्त करावी. पण नुसता शब्द अनोळखी वाटत असेल, तर तो राहू द्यावा. खाला पानदान पुढे सरकवून भाचीच्या लग्नाचा विषय काढते, तिथे तिचं नातं आपोआप कळतं. आपल्या घरची जबान पुसून गुळगुळीत केलेली कथा कुणाच्याच घरची राहत नाही.

दुसरा दबाव याहून अवघड. मुस्लिम घरातली कथा म्हटली की काही ऐकणाऱ्यांना बुरखा आणि तलाकच हवा असतो. ते दुःख आपल्याला लिहायचं असेल तर बेधडक लिहावं. पण कुणाच्या अपेक्षेखातर लिहू नये. पाण्याचा टँकर, अब्बांचा चष्मा, दुबईहून न आलेला फोन, यांतही कथा आहे.

घरच्यांची भीती असते, "आपलं घर चव्हाट्यावर मांडशील." ही भीती खोटी नाही. त्यावर उपाय कलेतच आहे. एक पात्र तीन घरांतून घ्यावं, गाव बदलावं, धंदा बदलावा. आणि ज्या पात्राचा राग येतो, त्याच्या बाजूनेही एक पान लिहून पाहावं. गिबत आणि कथा यांतला फरक तिथेच कळतो.

फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. माझं लिखाण वर्गात वाचलं जाईल का? विद्यार्थी किती असतील? एक तास आधी बसून बघता येईल का? महिनाभरात लेखक बनवण्याचं वचन देणाऱ्यापासून दूर राहा.

आणि पैसे नसतील, तर पाच-सहा जणी मिळून पंधरवड्यातून एकदा बसा. दर वेळी एकीने चार पानं वाचायची. बाकीच्यांनी आधी कुठे जीव रंगला ते सांगायचं, मग कुठे तुटलं ते. वाचणारीने फक्त लिहून घ्यायचं. ऐकलेलं घरातल्या घरात ठेवायचं. दुपारी मुलं शाळेत असतात, तो दीड तास पुरतो. आधी ती वही कपाटातून बाहेर तर काढा.