चिंचेवरची हजेरी

रोवण्याचे दिवस होते. सिहोऱ्यातल्या आमच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, आठ कोंबड्या आणल्या आणि त्यांच्यासाठी पक्कं खुराडं बांधून घेतलं. चांदपूरकडचं जंगल जवळ, त्यामुळे डोक्यात सतत रानमांजर. चारही बाजूंनी विटा, वर सिमेंटचा पत्रा, दाराला कडी. मुंगूससुद्धा शिरणार नाही! साताला अंधारून आलं आणि आठही जणी आधी पत्र्यावर, पत्र्यावरून चिंचेवर.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. आधी ते झाकायला सापडावं लागतं, हे कुणी सांगत नाही.

चार दिवस मी काठी घेऊन धावलो, त्या आणखी उंच फांदीवर गेल्या. शेवटी शेजारची मावशी कुंपणावरून म्हणाली, ‘‘गुरुजी, असल्या अंधाऱ्या भोकात तुमी तरी शिराल का?’’

मी आत वाकून पाहिलं. बाहेर अजून उजेड, आत काळोख. कोंबडीला रात्री जवळजवळ दिसत नाही. तिचा पूर्वज रानकोंबडा अजूनही झाडावरच झोपतो. म्हणून दिवस कलला की ती उंच आणि त्यातल्या त्यात उजेडाची जागा शोधते. मी बसायचा दांडा ठेवला होता जमिनीपासून वीतभर आणि अंड्यांच्या टोपल्या त्याच्याही वर! खुराडं मी रानमांजराचा विचार करून बांधलं होतं, कोंबडीचा नाही.

मग पश्चिमेच्या विटा काढून जाळी बसवली. मनगटाएवढा बांबू कमरेच्या उंचीवर आडवा बांधला, टोपल्या खाली घेतल्या. काळोख पडल्यावर चिंचेला शिडी लावली. पोटाखाली हात सरकवला की प्रत्येक कोंबडी ‘कुर्र’ करून मुकाट हातावर यायची. संध्याकाळी ज्यांच्यामागे धावून दम लागायचा, त्या ह्याच! पाच दिवस कोंडूनच ठेवल्या, दाणापाणी आतच. सहाव्या दिवशी मावळतीच्या तासभर आधी सोडल्या, आत मूठभर कनकी फेकली आणि छोटा बल्ब लावला. सगळ्या दांड्यावर बसेपर्यंत तो विझवायचा नाही. एकदा घाई केली, तर दोघी रात्रभर खाली कोपऱ्यात उभ्या.

दिवाळीत पुन्हा संप. वाटलं, आता साडेपाचलाच दिवस बुडतो आणि मी मात्र चहा पिऊन सहाला जातो, म्हणून असेल. वेळ बदलली, तरी त्या दारातूनच परत फिरत. रात्री टॉर्च घेऊन बांबूची फट पाहिली तर बारीक लाल किडे. दिवसा फटीत लपायचे, रात्री कोंबड्यांचं रक्त प्यायचे. बांबू जाळला, भिंतींना चुना मारला, नवा दांडा टाकला.

आता रोज सात मोजतो, कडी मात्र लगेच लावत नाही. आठवी, तांबडी, सगळ्या बसल्या की दारात येते, आत मान घालून एकेकीला न्याहाळते आणि मग सावकाश चढते. तोवर मला थांबावं लागतं.