पंच चुकला, पण वस्तादाचं काय?



कुस्ती कळत नाही असं घर आपल्या येळ्ळुरात सापडायचं नाही. चांगळेश्वरीच्या यात्रेत वडिलांच्या खांद्यावर बसून जोडी बघितलेले आज नातवंडांना घेऊन मैदानाला जातात. मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की हलगीवाल्यापासून झाडावर चढलेल्या पोरापर्यंत सगळ्यांना दिसतं. नाहीच लागली तर बरोबरीत सोडवायची. भांडायला जागाच कमी.

मॅटवर तसं नाही. खाली आणलं की 2 गुण, रेषेबाहेर घालवलं की 1. कुणाचा पाय आधी बाहेर गेला हे पापणी लवते तेवढ्यात होऊन जातं. म्हणून चिडचिड वाढली. 2 फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरात महाराष्ट्र केसरीत काय झालं ते सगळ्यांनी मोबाईलवर बघितलंय. खांदे टेकलेच नाहीत म्हणत शिवराज राक्षेनं पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड चिडून मैदान सोडून गेला. दोघांवर 3-3 वर्षांची बंदी आली. आपल्या कट्ट्यावर त्यावर किती वाद झाले, विचारू नका.

पण पोरींच्या कुस्तीबद्दल कट्ट्यावर कोण बोलतंय? मार्च 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. तेव्हापासून आपल्या पोरींनाही वाटायला लागलंय, आपणही खेळावं.

पुतणीच्या कॉलेजच्या स्पर्धेला गेलो होतो. पोरांच्या लढतींना पंचांचं टेबल भरलेलं, व्हिडिओची सोय. पोरींच्या लढती जेवणाच्या वेळेत उरकल्या, एका पंचावर. गुण चुकीचा गेला हे आम्हाला बाहेरून दिसलं. तिच्या वस्तादांनी टेबलावर हात आपटले, पंचांना नको ते बोलले, आणि शेवटी तिच्यावरच ओरडले, "तुझ्यामुळं झालं!" अजून दीड मिनिट बाकी होतं. पोरगी परत एकदाही पट काढायला गेली नाही.

गुण पंचांनी घालवला, पण राहिलेली कुस्ती वस्तादांनी घालवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुलै 2023 मध्ये ढाक्यात हरमनप्रीत कौरनं स्टंपवर बॅट मारली, वर अंपायरिंगवर जाहीर टीका केली. 2 सामन्यांची बंदी आली, ती बरोबरच. पण त्या मालिकेत डीआरएसच नव्हता, हे किती जणांनी विचारलं? बायकांच्या खेळाला सोयी कमी द्यायच्या आणि राग आला की संस्कार शिकवायचे, हे काय बरोबर नव्हे.

आंतरराष्ट्रीय कुस्तीत सोपा नियम आहे. निर्णय पटला नाही तर प्रशिक्षक मॅटवर स्पंज टाकतो, पंच व्हिडिओ बघतात. दाद फेटाळली तर समोरच्याला 1 गुण. म्हणजे ओरडायची गरजच नाही, आणि उगाच दाद मागितली तर भुर्दंडही आहे. आपल्याकडं एवढं तरी करता येईल की! पोरींच्या प्रत्येक लढतीला स्टँडवर एक मोबाईल लावा, वस्तादाला एक दाद द्या, त्यानंतर तोंड बंद.

आणि आईवडिलांनो, तालीम निवडताना वस्तादांनी किती पदकं मिळवलीत हे विचारताच. हरलेल्या पोरीशी ते कसं बोलतात, तेही एकदा जाऊन बघा.