तलंगेला टोचलं तर

परसातल्या खुराड्यात मोठ्या कोंबडीने तलंगेला टोचून रक्तबंबाळ केलं, की घरातल्यांना आधी सुरी आठवते. मला ते मुळीच पटत नाही. पाठ सोलवटलेली तलंगही अनेकदा चांगली सावरते. आधी तिला वेगळी काढा, कारण रक्त दिसलं की बाकीच्याही तिथेच चोच मारतात. कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुवा, हळद किंवा जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेलं जांभळं औषध लावा. जांभळ्या रंगाखाली लाली झाकते, हा त्याचा मोठा गुण. माश्या बसू देऊ नका; पावसाळ्यात अळ्या पडायला वेळ लागत नाही. मात्र तिला इतरांच्या नजरेआड ठेवू नका. कळपात कोण कुणाला टोचणार याची उतरंड असते. नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे यांनी ती १९२१ च्या सुमारास मांडली. बराच काळ दूर राहिलेली कोंबडी परतली की परकी ठरते. म्हणून डालग्याखाली, पण सगळ्यांच्या समोर. जखम पुरती भरली की अंधार पडल्यावर आत सोडा. फारच छळ होत असेल तर टोचणारीलाच चार दिवस बाहेर ठेवा. परतल्यावर तिचा तोरा बहुधा उतरलेला असतो. आणि दाटीवाटीने ही खोड वाढते, तेव्हा खुराडं जरा मोठं करा.