आज्ञेचा तिसरा रकाना

संगणकाची विद्या ही गणितात निष्णात असणाऱ्यांचीच मिरास आहे, भाषेच्या विद्यार्थ्याने तिच्या वाटेस जाऊ नये, असा एक समज आपल्या शाळांतून दृढ झालेला दिसतो. ज्याला गणितात गुण अधिक त्याने यंत्रापुढे बसावे आणि ज्याला निबंध बरा साधतो त्याने वार्षिकाचे काम पाहावे, अशी वाटणीच जणू होऊन गेली आहे. आम्ही भाषेचे शिक्षक, कला शाखेचे पदवीधर. आमचाही समज याहून फारसा निराळा नव्हता. परंतु शाळेच्या एका विज्ञान-प्रदर्शनात घडलेल्या लहानशा प्रसंगाने तो ढासळला. तो प्रसंग आणि त्यावरून बनलेले आमचे मत विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम विषयाची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातून चुका होतातच. त्या शोधण्यासाठी जो दुसरा प्रोग्रॅम वापरतात त्याला डीबगर म्हणतात; आपण त्याला दोषशोधक म्हणू. हा दोषशोधक मूळ प्रोग्रॅमला आपल्या ताब्यात घेऊन चालवितो, सांगाल त्या ओळीवर थांबवितो, एकेक पाऊल पुढे नेतो आणि त्या क्षणी कोणत्या चलाची किंमत काय आहे ते दाखवितो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला जीडीबी हा या वर्गातील एक सुप्रसिद्ध प्रोग्रॅम होय. तो आजही जगभर वापरात आहे. त्याच्याशी बोलावयाचे ते कळफलकावरून आज्ञा लिहून. 'ब्रेक' म्हटले की थांबा ठरतो, 'स्टेप' म्हटले की प्रोग्रॅम एक ओळ पुढे सरकतो, 'प्रिंट' म्हटले की किंमत दिसते, आणि 'कंटिन्यू' म्हटले की पुढच्या थांब्यापर्यंत तो धावत सुटतो.

आमच्या काही विद्यार्थ्यांनी, महाविद्यालयात शिकणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याच्या साहाय्याने, सी भाषेत असाच एक छोटा दोषशोधक रचला होता. शंभर घरांची स्मृती असलेले एक काल्पनिक यंत्र, त्यावर चालणारा बेरजांचा प्रोग्रॅम, आणि त्याची तपासणी करणाऱ्या पंधरा आज्ञा, असा त्याचा पसारा. सी भाषेतील 'स्विच' हे साधन पूर्णांकांवर चालते, शब्दांवर चालत नाही. म्हणून मुलांनी 'हा शब्द आला तर हे कर, नाहीतर तो शब्द आला तर ते कर' अशी पंधरा पायऱ्यांची शिडी उभारली. कोणत्या आज्ञेने काय होते हे सांगणारा मदतीचा मजकूर मात्र त्यांनी दुसरीकडेच, अगदी शेवटी, निराळ्या फंक्शनमध्ये लिहिला.

आरंभी 'डी' या अक्षराचा अर्थ 'स्मृती दाखव' असा होता. पुढे सारे थांबे पुसून टाकण्याची आज्ञा हवीशी झाली. जीडीबीत 'डी' हे अक्षर त्याच कामाचे असल्यामुळे मुलांनीही ते तिकडे वळविले आणि स्मृती दाखविण्यासाठी, पुन्हा जीडीबीच्याच रीतीने, 'एक्स' हे अक्षर योजिले. शिडी बदलली, मदतीचा मजकूर बदलावयाचा राहिला.

प्रदर्शनाच्या दिवशी सातवीतील एक मुलगी त्या यंत्रापुढे बसली. तिने आधी मदत मागविली व ती शांतपणे वाचली. मोठी माणसेही इतका विवेक दाखवीत नाहीत! मग तेथे लिहिल्याप्रमाणे स्मृती पाहावी म्हणून तिने 'डी' लिहिले. जीडीबी अशा वेळी सारे थांबे खरोखरच पुसायचे का, असे विचारून घेतो. आमच्या मुलांच्या दोषशोधकाने काही विचारले नाही. सकाळपासून मांडलेले थांबे क्षणात नाहीसे झाले. भोवतीची मुले ओरडली. मुलीने हात मागे घेतला, "माझ्या हातून बिघडलं, सर," एवढेच ती बोलली आणि उठून गेली.

तिच्या हातून काहीच बिघडले नव्हते. तिने वाचले, विश्वास ठेवला आणि सांगितल्याप्रमाणे केले. चूक लिहिणाऱ्यांची, अपराधाची भावना मात्र वाचणारीच्या वाट्यास आली. हे आमच्या मनास फार लागले.

त्याच सायंकाळी मुलांनी ती शिडी मोडून तिच्या जागी कोष्टक रचावयास घेतले. आम्ही शेजारी बसून पाहत होतो. सी भाषेत निरनिराळ्या प्रकारची माहिती एका नावाखाली बांधण्याची सोय आहे; तिला स्ट्रक्चर म्हणतात. हजेरीपटाची एक ओळ डोळ्यांपुढे आणावी: क्रमांक हा आकडा, नाव हे अक्षरांचे, हजेरी ही खुणांची, तरी मिळून ओळ एकाच विद्यार्थ्याची. त्याचप्रमाणे प्रत्येक आज्ञेची एक ओळ. पहिल्या रकान्यात आज्ञेचे नाव, दुसऱ्यात ते काम करणाऱ्या फंक्शनचा पत्ता, म्हणजे सी भाषेतील पॉइंटर, आणि तिसऱ्यात त्या आज्ञेचा अर्थ. अशा पंधरा ओळी एकाखाली एक मांडल्या की झाले कोष्टक.

मग काम सोपे होते. वापरणाऱ्याने लिहिलेली ओळ घ्यावी, तिचे शब्द सुटे करावेत, पहिला शब्द कोष्टकात शोधावा, आणि सापडला की त्या ओळीतील पत्त्यावर उरलेले शब्द धाडून द्यावेत. मदतीसाठी वेगळा मजकूर लिहावाच लागत नाही. कोष्टकाचा पहिला व तिसरा रकाना छापला की तीच मदत. सोळावी आज्ञा हवी असेल तर तिचे फंक्शन लिहावे आणि कोष्टकात एक ओळ वाढवावी; शोधणाऱ्या भागाला हातही लावावा लागत नाही.

या रचनेची काही पथ्ये आहेत. दुसरा रकाना सर्वांना सारखा, म्हणून सर्व फंक्शनांचा घाटही एकच असावा लागतो. 'ब्रेक'ला ओळीचा क्रमांक लागतो, 'स्टेप'ला काही न दिले तरी चालते. तथापि किती शब्द आले आणि कोणते आले, हे दोघांनीही एकाच रीतीने स्वीकारले पाहिजे. दुसरे असे की, सी भाषा कोष्टकाची सीमा स्वतः राखीत नाही. शोधणारा शेवटच्या ओळीपलीकडे भरकटला तरी त्याला कोणी अडवीत नाही. म्हणून शेवटी नाव नसलेली एक रिकामी ओळ शेताच्या बांधावरील दगडासारखी ठेवण्याची रीत आहे. गरजेप्रमाणे रकाने वाढवितातही. अनेक लहान यंत्रांत प्रारंभी चालणाऱ्या यू-बूट या प्रोग्रॅममध्ये आज्ञा मांडताना सहा गोष्टी द्याव्या लागतात: नाव, शब्दांची कमाल संख्या, नुसते एंटर दाबल्यास ती आज्ञा पुन्हा चालावी की नाही, फंक्शन, थोडक्यात उपयोग आणि सविस्तर मदत. 'स्टेप' पुन्हा पुन्हा चालणे ही सोय आहे; पुसण्याची आज्ञा नकळत पुन्हा चालणे हे संकट आहे. हा विवेक कोष्टकातच लिहून ठेवलेला बरा.

नावांचीही गंमत आहे. वापरणारा पुरते नाव लिहीत नाही, आरंभीची एक-दोन अक्षरे लिहितो. आमच्या गोव्यातील एखाद्या वर्गात नुसते 'नाईक' म्हणून हाक मारावी तर चार मुले उभी राहतात. तसेच येथे होते. जीडीबी अशा वेळी नाव संदिग्ध असल्याचे सांगून थांबतो. मात्र 'एस' या अक्षराने आरंभ होणाऱ्या आज्ञा अनेक असूनही नुसता 'एस' म्हणजे 'स्टेप'च, असे तेथे मुद्दाम ठरविलेले आहे. कारण ती आज्ञा पदोपदी लागते. कोणाला लघुनाम द्यावे व कोणाला देऊ नये, हा प्रश्न यंत्राचा नसून माणसाच्या सवयीचा आहे.

यावर कोणी म्हणेल, पंधरा आज्ञांसाठी एवढा खटाटोप कशाला? शिडीने काम भागत होते. आज्ञा तीन-चारच असत्या तर हा आक्षेप आम्ही मान्य केला असता. परंतु आज्ञा वाढतात, त्यांचे अर्थ पालटतात, आणि नाव एके ठिकाणी व अर्थ दुसऱ्या ठिकाणी असला की त्या दोहोंची ताटातूट आज ना उद्या होणारच. ती झाली तेव्हा काय घडले, ते वर सांगितलेच आहे.

मात्र आमचे खरे म्हणणे याच्या पुढचे आहे. कोष्टक तयार झाले आणि मुलांनी ते आम्हांस दाखविले. आम्ही प्रत्येक आज्ञा चालवून तिसरा रकाना वाचू लागलो. अकराव्या ओळीवर थबकलो. वरची ओळ तशीच उतरवून मुलांनी नाव बदलले होते, पत्ता बदलला होता. अर्थ मात्र दहाव्याच आज्ञेचा राहिला होता! कंपायलरने चकार शब्द काढला नव्हता. नसलेल्या फंक्शनचे नाव दुसऱ्या रकान्यात लिहिले असते तर त्याने तत्काळ हरकत घेतली असती. पहिल्या रकान्यात चूक असती तर आज्ञा सापडली नसती आणि चूक उघडी पडली असती. तिसऱ्या रकान्यात काहीही लिहा. ती अक्षरे आहेत एवढ्यावर यंत्राचे समाधान होते. तो रकाना यंत्र छापते, पण समजून घेत नाही. तो केवळ माणसासाठी आहे, आणि त्याचा खरेखोटेपणा केवळ माणसालाच तपासता येतो.

म्हणूनच आमचे मत असे की, हा तिसरा रकाना भाषेच्या विद्यार्थ्याचे क्षेत्र आहे. आपल्या परंपरेस ही गोष्ट नवीन नाही. पाणिनीय व्याकरणाचा जो धातुपाठ आज आपल्या हाती आहे, त्यात सुमारे २००० धातू आहेत. तेथे धातूच्या शेजारी त्याचा अर्थ दिलेला असतो, आणि धातूला जोडलेल्या अनुबंधांवरून त्याची रूपे कशी चालतील हेही कळते. नाव, वर्तन आणि अर्थ एकत्र ठेवण्याची शिस्त ती हीच.

अर्थ लिहिणे सोपे काम नव्हे. 'स्टेप' आणि 'नेक्स्ट' या दोन आज्ञा घ्या. दोन्हींपुढे मुलांनी 'पुढे जा' असे लिहिले होते. ते खोटे नव्हते, पण निरुपयोगी होते; दोहोंतील भेदच त्यातून कळत नव्हता. वर्गात चर्चा होऊन शेवटी असे ठरले: 'स्टेप'पुढे 'एक ओळ पुढे जा, वाटेत फंक्शन लागले तर त्याच्या आत शिर', आणि 'नेक्स्ट'पुढे 'एक ओळ पुढे जा, फंक्शन लागले तर ते पुरते उरकून ये'. हे शब्द सुचविले ते गणितात जेमतेम उत्तीर्ण होणाऱ्या एका मुलाने.

अर्थ मराठीत लिहावा, असा आग्रह आम्हीच धरला. आज्ञांची नावे जगभर रूढ आहेत तीच राहोत. उद्या हीच मुले मोठ्या दोषशोधकापुढे बसतील तेव्हा ती नावे उपयोगी पडतील. परंतु घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि यंत्राशी इंग्रजी अशा तिहेरी संसारात वाढणाऱ्या आमच्या मुलांना निदान अर्थ तरी आपल्या शिकण्याच्या भाषेत मिळावा. यात तांत्रिक अडचण आली ती एवढीच की, रकाने वेडेवाकडे छापले जाऊ लागले. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. 'आज्ञा' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसला तरी सी भाषेच्या मोजणीत तो १५ बाइट भरतो. मुलांनी अर्थाचा रकाना ओळीच्या अखेरीस नेला आणि प्रश्न मिटविला.

आमची सूचना साधी आहे. शाळेच्या संगणक-मंडळात जो आज्ञा रचील, तिचा अर्थ त्याने लिहावा. परंतु तो दुसऱ्याने, शक्य तर भाषेची गोडी असलेल्या आणि प्रोग्रॅम न लिहिलेल्या विद्यार्थ्याने, वाचून, आज्ञा प्रत्यक्ष चालवून पाहिल्याखेरीज मान्य करू नये. आणि पुसणारी, मोडणारी आज्ञा असेल तर तिच्या अर्थात ते स्पष्ट शब्दांत लिहावे व करण्यापूर्वी विचारावे.

ती सातवीतील मुलगी दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाकडे फिरकली नाही. आम्ही तिला वर्गातून बोलावून आणले आणि नवे कोष्टक तिच्यापुढे ठेवले. चूक तुझी नव्हती, मदत खोटी होती, हे मुलांनी तिला स्वतः सांगितले. तिने सर्व ओळी वाचल्या, एकेक आज्ञा चालवून पाहिली आणि तिसऱ्या रकान्यातील आणखी दोन चुका दाखवून दिल्या. त्या वर्षापासून अर्थ तपासण्याचे काम तिच्याकडे आहे.

आज्ञा देण्याचा अधिकार मोठा, हे सर्वांनाच कळते. आज्ञेचा अर्थ खरा लिहिण्याचे दायित्व त्याहून मोठे आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांस कळावे, एवढीच आमची इच्छा.