१ टक्का कॅशबॅक म्हणे, मग हिशेब का जुळत नाही? क्रेडिट कार्डाचं 'राउंडिंग' समजून घ्या

'प्रत्येक खर्चावर १ टक्का कॅशबॅक.' क्रेडिट कार्डाच्या जाहिरातीत हे वाक्य मोठ्या अक्षरात असतं. १०० रुपये खर्च केले की १ रुपया परत, इतकं ते सरळ वाटतं. पण महिनाअखेरीस स्टेटमेंट उघडून खर्चाची बेरीज केली आणि तिचा १ टक्का काढला, तर जमा झालेली रक्कम बऱ्याचदा कमी भरते. चार-पाच रुपयांचा फरक असतो, त्यामुळे तक्रार करायला कोणी जात नाही.

या फरकामागे बहुतेक वेळा चूक नसते, नियम असतो. कॅशबॅकचा हिशेब करताना वरचे पैसे धरायचे की सोडायचे आणि तो हिशेब प्रत्येक बिलाचा करायचा की महिन्याच्या बेरजेचा, हे बँक आपल्या अटींमध्ये ठरवते. मोठ्या खरेदीवर त्याने फारसं बिघडत नाही. पण क्यूआर कोड स्कॅन करून क्रेडिट कार्डाने दूध आणि भाजीचे पैसे द्यायला लागल्यापासून या नियमाचं वजन वाढलं आहे.

एक खरेदी, पाच हिशेब

एक साधं उदाहरण घेऊ. एखाद्या घरात आठवड्याभरात कार्डाने पाच ठिकाणी पैसे दिले:

डेअरी: ६८ रुपये
भाजी: १४५ रुपये
मेडिकल: २९० रुपये
हॉटेल: ४४९ रुपये
किराणा: १,३४० रुपये

एकूण खर्च २,२९२ रुपये. १ टक्का म्हणजे २२ रुपये ९२ पैसे. आता हाच खर्च वेगवेगळ्या नियमांतून काढून पाहू.

पहिला नियम: महिन्याची बेरीज करायची आणि शेवटी एकदाच पैसे सोडायचे. मिळतात २२ रुपये. नुकसान फक्त ९२ पैशांचं.

दुसरा नियम: प्रत्येक बिलाचा कॅशबॅक जवळच्या रुपयात धरायचा, म्हणजे ५० पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया, कमी असतील तर खालचा. १, १, ३, ४ आणि १३ रुपये, एकूण २२.

तिसरा नियम: प्रत्येक बिलाच्या कॅशबॅकमधले वरचे पैसे सरळ सोडून द्यायचे. डेअरीचे ६८ पैसे शून्य होतात, मेडिकलच्या २ रुपये ९० पैशांचे २ रुपये राहतात. ०, १, २, ४ आणि १३, एकूण २० रुपये.

चौथा नियम: दर १५० रुपयांच्या पूर्ण टप्प्यामागे दीड रुपया. टक्केवारी तीच, १. पण डेअरी आणि भाजीच्या बिलांत एकही टप्पा पूर्ण होत नाही. मेडिकलचा १, हॉटेलचे २ आणि किराण्याचे ८ टप्पे होतात. ११ टप्प्यांचे मिळतात १६ रुपये ५० पैसे.

पाचवा नियम: दर २०० रुपयांच्या पूर्ण टप्प्यामागे २ रुपये. इथे ९ टप्पे होतात आणि १८ रुपये मिळतात.

खर्च तोच आणि जाहिरातीतला दरही तोच, तरी हातात येणारी रक्कम १६ रुपये ५० पैशांपासून २२ रुपयांपर्यंत बदलते. चौथ्या नियमात २,२९२ रुपयांपैकी ६४२ रुपये हिशेबात धरलेच गेले नाहीत. म्हणजे २८ टक्के खर्चावर काहीच मिळालं नाही, आणि प्रत्यक्ष दर १ टक्क्यावरून ०.७२ टक्क्यावर आला.

आणखी एक गंमत. १५० पेक्षा २०० रुपयांचा टप्पा मोठा, म्हणून त्यात नुकसान जास्त, असं वाटू शकतं. या उदाहरणात उलट झालं. हॉटेलचं बिल ४४९ होतं, ४५० ला एक रुपया कमी. त्यामुळे १५० च्या हिशेबात १४९ रुपये वाया गेले, २०० च्या हिशेबात फक्त ४९. टप्पा किती मोठा आहे याइतकंच तुमची बिलं साधारण किती रकमेची असतात, हेही महत्त्वाचं ठरतं.

'दर १०० रुपयांमागे' म्हणजे नेमकं काय?

भारतातल्या बऱ्याच कार्डांवर थेट कॅशबॅकऐवजी रिवॉर्ड पॉइंट मिळतात आणि ते टप्प्यांवर मोजले जातात. एचडीएफसी बँकेच्या अनेक कार्डांवर दर १५० रुपयांमागे पॉइंट मिळत आले आहेत. ॲक्सिस बँकेच्या अनेक कार्डांचा टप्पा २०० रुपयांचा, एसबीआयच्या सिम्प्लीक्लिक कार्डाचा १०० रुपयांचा, तर अमेरिकन एक्स्प्रेसच्या काही कार्डांचा ५० रुपयांचा. या अटी वेळोवेळी बदलतात, त्यामुळे आपल्या कार्डाच्या ताज्या अटी पाहणं केव्हाही चांगलं.

'दर १०० रुपयांमागे १ रुपया' आणि '१ टक्का' हे ऐकायला एकच वाटतं. पण पहिल्या वाक्यात वरचे पैसे सोडून देण्याची अट आधीच दडलेली आहे. ९९ रुपयांच्या बिलावर १ टक्क्याने ९९ पैसे होतात, टप्प्याने शून्य. वरच्या उदाहरणातला तिसरा नियम आणि 'दर १०० मागे १' हा नियम, दोन्हींचं उत्तर २० रुपयेच येतं.

५ टक्क्यांच्या कार्डांनाही हे लागू होतं. ११९ रुपयांच्या बिलावर ५ टक्के म्हणजे ५ रुपये ९५ पैसे. वरचे पैसे सोडले तर ५ रुपये, म्हणजे प्रत्यक्षात ४.२ टक्के. १९ रुपयांच्या बिलावर ९५ पैसे होतात, हातात काहीच येत नाही.

बिल जितकं लहान, तितका फटका मोठा. १५० रुपयांच्या टप्प्यात एका बिलामागे जास्तीत जास्त १४९ रुपये वाया जाऊ शकतात. १५,१४९ रुपयांच्या फ्रीजवर ते १ टक्क्यापेक्षाही कमी आहेत. १४९ रुपयांच्या भाजीवर मात्र ते पूर्ण १०० टक्के आहेत.

हा प्रश्न आत्ताच का आला?

पूर्वी क्रेडिट कार्ड निघायचं ते मॉलमध्ये, विमानाचं तिकीट काढताना किंवा टीव्ही घेताना. दहा-वीस रुपयांसाठी कोणी कार्ड स्वाइप करत नसे, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मशीनही नसे.

सप्टेंबर २०२२ मध्ये रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची सोय सुरू झाली. त्यानंतर दुकानातला क्यूआर कोड स्कॅन करून क्रेडिट कार्डाने पैसे देता येऊ लागले. व्यक्तीच्या खात्यावर अशा प्रकारे पैसे पाठवता येत नाहीत, पण व्यापाऱ्याला देता येतात. त्यामुळे चहा, वडापाव, दूध, औषधं असे छोटे खर्चही कार्डावर यायला लागले. राउंडिंगचा फटका सगळ्यात जास्त बसतो तो नेमका याच खर्चांवर.

यात बँकेचीही एक बाजू आहे. कॅशबॅकचा पैसा बऱ्याच अंशी व्यापाऱ्याकडून येतो. कार्डाने पैसे घेतल्यावर व्यापारी त्यातला थोडा वाटा शुल्क म्हणून देतो, त्याला एमडीआर म्हणतात. पण छोट्या व्यापाऱ्यांकडच्या २,००० रुपयांपर्यंतच्या रुपे क्रेडिट कार्ड-यूपीआय व्यवहारांवर एनपीसीआयने २०२२ मध्ये हे शुल्क शून्य ठेवलं. जिथे कमाई नाही तिथे बक्षीस द्यायला बँक फारशी उत्सुक नसते. म्हणून काही कार्डांवर यूपीआय खर्चाचा दर कमी असतो किंवा तो खर्च धरलाच जात नाही.

वरचे पैसे सोडण्यामागे दुसरंही कारण आहे. जवळच्या रुपयात धरायचा नियम असेल तर ५० रुपयांच्या बिलावर ५० पैशांचा १ रुपया होतो, म्हणजे थेट २ टक्के. मग हुशार ग्राहक ५०० रुपयांचं बिल ५०-५० रुपयांच्या दहा हप्त्यांत भरेल आणि ५ ऐवजी १० रुपये मिळवेल. ही पळवाट बंद करायचा सोपा मार्ग म्हणजे नेहमी खालचा आकडा धरणं.

व्याजाला वेगळा न्याय

बँकेचे सगळेच हिशेब असे एका बाजूला झुकलेले नसतात. रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेबाबतच्या २०१५ च्या महापरिपत्रकात ठेवींवरचं व्याज आणि कर्जावरचं व्याज यांसह सगळे व्यवहार जवळच्या रुपयात धरायला सांगितलं होतं: ५० पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर सोडायचे. २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्यातलं कलम १७० हेच सांगतं.

या पद्धतीत कधी ग्राहकाचे काही पैसे जातात, कधी समोरच्याचे, आणि वर्षभरात ते साधारण सारखे होतात. नेहमी खालचाच आकडा धरला तर मात्र तसं होत नाही. प्रत्येक वेळी ग्राहकाचेच पैसे जातात.

कार्डावरची बक्षिसं म्हणजे व्याज नव्हे. बँक त्यांना सवलत मानते आणि त्यांचा हिशेब आपल्या अटींप्रमाणे करते. अटी लिहिलेल्या असतील तर याला फसवणूक म्हणता येत नाही. प्रश्न फक्त एवढाच, की '१ टक्का' मोठ्या अक्षरात असतो आणि 'दर १५० रुपयांच्या पूर्ण टप्प्यामागे' हे अटींच्या पानावर बारीक अक्षरात.

एका ग्राहकासाठी ही रक्कम किरकोळ आहे. पण भारतातल्या क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ मध्ये १० कोटींच्या पुढे गेली. समजा त्यातल्या फक्त १ कोटी कार्डांवर महिन्याला ५-५ रुपये सुटत असतील, तर ते महिन्याला ५ कोटी आणि वर्षाला ६० कोटी रुपये होतात. हा केवळ अंदाज समजण्यासाठीचा हिशेब आहे, पण थेंबे थेंबे तळे कसं साचतं ते त्यातून कळतं.

पॉइंट वटवतानाही गळती

टप्प्यातून वाचलेले पॉइंट पुढे रुपयांत बदलायचे असतात, आणि तिथेही काही सुटतं. काही कार्डांवर ४ पॉइंटचा १ रुपया होतो. ठरावीक पॉइंट जमल्याशिवाय ते वापरता येत नाहीत, आणि अनेक कार्डांवर त्यांना मुदत असते. काही बँका पॉइंट वटवण्यासाठी ९९ रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतात, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे. २५ पैशांच्या दराने ५०० पॉइंटचे होतात १२५ रुपये. शुल्क वजा केलं तर हातात उरतात ८ रुपये १८ पैसे. अशा कार्डावर पॉइंट साठवून एकदाच वटवणं बरं.

मग करायचं काय?

आपल्या कार्डाच्या अटींमध्ये तीन गोष्टी शोधा. हिशेब प्रत्येक बिलाचा होतो की महिन्याच्या बेरजेचा? टप्पा किती रुपयांचा आहे, की थेट टक्केवारी आहे? वरचे पैसे सोडले जातात की जवळच्या रुपयात धरले जातात? सोबत यूपीआय, पेट्रोल, घरभाडं, वॉलेट यांपैकी कोणते खर्च वगळले आहेत तेही पाहा.

हिशेब बिलागणिक होत असेल तर एकाच दुकानातली खरेदी एकत्र करा. किराण्याच्या दुकानात आठवड्यात पाच वेळा ९० रुपये दिले तर १५० च्या टप्प्यात एकही पॉइंट नाही. एकदाच ४५० दिले तर पूर्ण तीन टप्पे होतात.

टप्पा गाठण्यासाठी मात्र नको ती वस्तू घेऊ नका. १४५ चं बिल १५० करण्यासाठी ५ रुपये जादा घातले तर मिळतो दीड रुपया. ४४९ चं ४५० करायला एक रुपया लागतो, तेवढंच काय ते परवडतं.

सगळ्यात मोठा हिशेब मात्र कॅशबॅकच्या बाहेर आहे. अनेक कार्डांवर थकबाकीला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. वरच्या उदाहरणातले २,२९२ रुपये एक महिना थकले, तर साडेतीन टक्क्यांनी ८० रुपये २२ पैसे व्याज होतं, त्यावर जीएसटी वेगळा. पूर्ण २२ रुपये ९२ पैसे कॅशबॅक मिळाला असता तरी तो या व्याजाच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पुरला नसता. छोटे खर्च कार्डावर टाकल्याने महिनाअखेरीस बिल हाताबाहेर जात असेल, तर दूध-भाजीसाठी बँक खात्याला जोडलेलं साधं यूपीआयच बरं. तसंही त्या बिलांवर कार्डाकडून फारसं काही मिळत नव्हतं.

आपल्या कार्डाचा खरा दर काढायला दोनच आकडे लागतात. गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष जमा झालेला कॅशबॅक घ्या, त्याला १०० ने गुणा आणि तीन महिन्यांच्या एकूण खर्चाने भागा. उत्तर येईल ती तुमची टक्केवारी. कार्डाच्या वार्षिक शुल्काशी तुलना करायची असेल तर ती या टक्केवारीने करा, जाहिरातीतल्या नव्हे.