नऊची घंटा नेमकी कुणासाठी?

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नका, असा आदेश राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये काढला. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी आदल्या डिसेंबरात मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढला होता. आदेश चांगलाच, पण झोपेचा खरा घोळ सुरू होतो तो चौथीनंतर, आणि नववी-दहावीची पोरे त्यात कुठेच नाहीत.

वयात येताना शरीराचे घड्याळ मागे पडते. मेलाटोनिन उशिरा पाझरते, त्यामुळे पंधरा वर्षांच्या पोराला सहसा अकराच्या आत झोप येत नाही. घरचे त्याला आळशी म्हणतात. हातात मोबाईल असला की एक वाजतोच.

हे मेलाटोनिन झोपेपुरते थांबत नाही, स्वादुपिंडातून येणाऱ्या इन्शुलिनलाही ते आवर घालते. रात्री साडेअकराला खाल्लेल्या भाताची साखर म्हणूनच रक्तात रेंगाळते. पहाटे उठवून चहा-टोस्ट दिला, तरी तीच गत; मेलाटोनिन अजून उतरलेले नसते. लठ्ठ मुलांचे शरीर तर इन्शुलिनला आधीच दाद देत नाही.

भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या गावात हे शहरातले दुखणे वाटेल. तसे ते नाही, आणि ते लठ्ठ पोरांपुरतेही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशेजारी उभा असलेला स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय 22.3, चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! बारीक दिसणाऱ्या पोरावरही भरवसा ठेवता येत नाही तो असा. देशभरात 2016-18 मध्ये झालेल्या पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयाच्या साधारण दर दहांत एकाची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली.

जागरण पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीला नवे नाही. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, रात्रभर दंडारीचे लोकनाट्य चालते, पोरे दुसऱ्या दिवशी झोप काढतात. पण ते वर्षातून मोजक्या रात्री. मोबाईलचे जागरण रोजचे, आणि रविवारी दुपारपर्यंत लोळल्याने सोमवारची पहाट आणखी जड जाते.

कॅलिफोर्नियात 2022 पासून मोठ्या वर्गांच्या शाळा साडेआठच्या आत भरत नाहीत. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात सकाळच्या शाळेला इलाज नाही, हे मान्य. जुलै ते फेब्रुवारीत मात्र आठवी-दहावीची पहिली घंटा उशिरा वाजवता येईल. तोवर घरी रात्रीचे जेवण आठच्या आत उरकावे. आणि पहाटे सहाच्या ट्यूशनला तर कोणताच आदेश लागू नाही. ती वेळ पालकांनीच मास्तरांशी बोलून संध्याकाळची करून घ्यावी.