मदरबोर्ड घ्या, पण आपल्या गावच्या हिशोबाने!

गेमिंग पीसी बांधायचा विषय निघाला की होस्टेलवर लगेच दोन तट पडतात. एक प्रोसेसरवाले, दुसरे ग्राफिक्स कार्डवाले. मदरबोर्ड बिचारा लग्नातल्या लांबच्या मामासारखा. पंगतीला बसवतात, पण विचारत कुणी नाही. माझं म्हणणं उलटं आहे. निदान आम्हा जव्हार-मोखाड्याच्या पोरांनी तरी सुरुवात बोर्डापासूनच करावी.

का ते सांगतो. मुंबईच्या पोराचा बोर्ड गेला तर तो संध्याकाळी लॅमिंग्टन रोडला चक्कर मारून येतो. आमच्या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. जव्हारहून मोखाडा, त्र्यंबक करत एसटीने नाशिक गाठायचं म्हणजे ८० किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन दिवस संपला, आणि वर दुकानदार म्हणणार, "ठेवून जा, पंधरा दिवसांनी फोन कर." म्हणून आपला पहिला प्रश्न एफपीएसचा नाहीच. वॉरंटी किती वर्षं आणि बिघडलेला बोर्ड जमा कुठे करायचा, हे आधी विचारा. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

आता खरी फसगत. "आय-फाइव्ह गेमिंग पीसी, एकदम स्वस्तात!" अशी पाटी दिसली की आपण विरघळतो. अरे, आय-फाइव्ह हे झालं नाव. आडनाव विचारा, पिढी कितवी? आत बऱ्याचदा एच६१ चिपसेटचा बोर्ड निघतो. हा चिपसेट २०११ चा! खोकं नवं, बोर्डावरची चकाकी नवी, पण त्यावर बसणार दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी तरी लागते. घरच्यांनी वीटभट्टीच्या हंगामातून साठवलेले पैसे अशा डब्यात घालायचे? मला तरी हे पटत नाही. तेवढ्यात सेकंडहँड पण अलीकडचा बोर्ड मिळत असेल तर तो शंभर पटीने बरा.

मग घ्यायचा कोणता? मध्यम बजेटला माझं मत बी५५० ला, वर रायझन ५ ५६००. हा प्रोसेसर ६५ वॅटचा. त्याला चौदा फेजचं व्हीआरएम आणि झगमगते दिवे लागत नाहीत. व्हीआरएमवर धड हीटसिंक आणि रॅमचे चार स्लॉट, एवढं पुरे. ए५२० स्वस्त पडतो, पण त्यात पीसीआय एक्सप्रेस ४ नाही. इंटेलच्या एच६१० वर रॅमचे दोनच स्लॉट, म्हणजे पुढे वाढवायला जागा कमी. आमच्यातले शहाणे म्हणतात, "एएम४ म्हातारा झाला, एएम५ घे." खरंय, एएम५ ला पुढचे प्रोसेसर मिळत राहतील. पण त्याला डीडीआर५ च लागते, आणि २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव कसे भडकले ते सगळ्यांनी पाहिलं. सीनियरकडून डीडीआर४ च्या दोन कांड्या मिळत असतील तर विषयच संपला. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने खुशाल एएम५ घ्यावा, माझं काही भांडण नाही.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार. बोर्डाला बायोस फ्लॅशबॅकचं बटण हवं. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. बायोस अपडेट निम्म्यावर असताना लाईट गेली की बोर्डाचा दगड होऊ शकतो. हे बटण असेल तर पेनड्राइव्हवरून, प्रोसेसर न लावताही, बायोस पुन्हा चढवता येतो. शहरातल्या रिव्ह्यूवाल्यांना ही चैन वाटते. आपल्याला मात्र त्याने नाशिकची एक फेरी वाचते. आणि दिव्यांवर वाचलेले पैसे चांगल्या पॉवर सप्लायमध्ये आणि यूपीएसमध्ये घाला.

राहिली वीज, म्हणजे आभाळातली. वळवाच्या पावसात गडगडायला लागलं की नुसता प्लग काढून भागत नाही, लॅनची वायरसुद्धा काढा. वीज तिथूनही आत शिरते आणि आधी लॅनचा पोर्ट जाळते. कॅबिनेटच्या मागच्या फटीही बुजवा राव, पावसाळ्यात पाली आणि मुंग्या ऊब शोधत थेट बोर्डावर येऊन बसतात!